टेक्सासमध्ये 'स्टुडंट गन रजिस्ट्रेशन'च्या नावाखाली आमचे पैसे गेले, आणि भाचा थोडक्यात वाचला

तुमचं मूल अमेरिकेत घरापासून लांब दुसऱ्या स्टेटमध्ये शिकत असेल, किंवा भारतातून एफ-वन म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर आलेलं असेल, आणि घरात बंदुकीचा विषय एकदा जरी निघाला असेल तर हे पूर्ण वाचा. आमचे ३३४ डॉलर गेले ते जाऊ देत, पण भाच्याचं काय होऊ शकलं असतं ते आठवलं की मला अजून झोप लागत नाही.

आम्ही मूळचे सिन्नरचे, न्यू जर्सीत २२ वर्षं झाली, मुलगा इथेच जन्मला. तो टेक्सासला कॉलेजात आहे, वय २०. तिथे त्याला स्कीट शूटिंगचा नाद लागला, म्हणजे मातीच्या थाळ्या हवेत उडवतात आणि त्या शॉटगनने फोडायच्या, कॉलेजचा क्लब आहे, कोच आहे, सगळं शिस्तीत चालतं. वर्षभर क्लबची बंदूक वापरली आणि मग म्हणाला आई मला स्वतःची घ्यायचीय. मला पटलं नव्हतं पण ह्यांनी हो म्हटलं.

आता आपल्या डोक्यात बंदूक म्हटलं की लायसन. माझ्या आजोबांकडे गावी बारा बोअरची होती, तिचं लायसन कलेक्टर ऑफिसचं, ते रिन्यू करायला नाशिकच्या फेऱ्या, आणि निवडणूक लागली की बंदूक कापडात गुंडाळून पोलीस स्टेशनला जमा करून यायची, पावती कपाटात कुलपात. न्यू जर्सीतसुद्धा साधी शॉटगन घ्यायची तर आधी पोलिसांमार्फत कार्ड काढावं लागतं, बोटांचे ठसे द्यावे लागतात. त्यामुळे मुलगा म्हणाला टेक्सासमध्ये रजिस्ट्रेशन वगैरे काही नसतं, तेव्हा माझा विश्वासच बसेना. मी म्हटलं असं कसं, तू तर तिथला नाहीस, बाहेरच्या स्टेटचा विद्यार्थी आहेस, काहीतरी कागद लागणारच. आणि मीच गुगलवर शोधायला बसले.

सगळ्यात वर जी वेबसाईट आली ती जाहिरात होती हे मी बघितलंच नाही. गरुडाचा शिक्का, झेंडा, खाली कायद्याची कलमं, एकदम सरकारी थाट. फक्त पत्त्याच्या शेवटी सरकारी साईटला असतं ते डॉट गव्ह नव्हतं, डॉट ऑर्ग होतं. 'बाहेरच्या स्टेटच्या विद्यार्थ्यांसाठी फायरआर्म रजिस्ट्रेशन' १८९ डॉलर आणि 'स्टुडंट रेसिडेन्सी सर्टिफिकेट' १४५ डॉलर. ड्रायव्हिंग लायसनच्या दोन्ही बाजू, सोशल सिक्युरिटी नंबर, अपार्टमेंटचं लीज म्हणजे भाडेकरार, कॉलेजचं आयडी, सगळं अपलोड करायला लावलं आणि मी केलं. १८९ क्रेडिट कार्डवर घेतले, १४५ मात्र झेलनेच पाठवा म्हणाले, म्हणजे बँकेतून थेट समोरच्याच्या खात्यात, तिथेच थांबायला हवं होतं. तीन दिवसांनी सोनेरी बॉर्डरचं सर्टिफिकेट ईमेलवर आलं, नंबर, क्यूआर कोड, सही. मी रंगीत प्रिंट काढून पोस्टाने मुलाला पाठवलं.

मुलगा ते घेऊन दुकानात गेला. दुकानदार वयस्कर माणूस, त्याने कागद उलटसुलट बघितला आणि विचारलं याचे किती दिलेस. मुलाने मला फोन लावला आणि स्पीकरवर त्या माणसाने मला नीट समजावलं, त्याचे उपकार मी विसरणार नाही. टेक्सासमध्ये बंदुकीचं रजिस्ट्रेशन हा प्रकारच नाही. केंद्र सरकारला तर अशी देशभराची नोंदवही करायलाच १९८६ च्या कायद्याने मनाई आहे. काही स्टेटमध्ये नियम आहेत, हवाईत बंदूक आणल्यावर ५ दिवसांत नोंदवावी लागते, कॅलिफोर्नियात राहायला आलेल्यांना ६० दिवसांत कळवावं लागतं, इलिनॉयमध्ये वेगळं कार्ड असतं, पण ते सगळं त्या त्या स्टेटचं सरकार करतं, कुठलीही खासगी वेबसाईट नाही. ह्या अर्ध्या खऱ्या गोष्टींवरच त्या लोकांचा धंदा चालतो.

आणि रेसिडेन्सीचं म्हणाल तर त्याचं उत्तर १९८० पासून लिहून ठेवलेलं आहे, एटीएफचा, म्हणजे बंदुकांचे नियम बघणाऱ्या केंद्राच्या खात्याचा, ८०-२१ नावाचा निर्णय. बाहेरच्या स्टेटचा विद्यार्थी जेवढा काळ हॉस्टेलमध्ये किंवा कॉलेजजवळ खरोखर राहतो तेवढा काळ तो बंदुकीच्या कायद्यापुरता तिथला रहिवासी, सुट्टीत घरी येऊन राहिला की तेवढा काळ घरच्या स्टेटचा. त्याला कुठलं सर्टिफिकेट नाही. दुकानदाराला लागतं काय, तर फोटोचं सरकारी ओळखपत्र आणि तिथला राहता पत्ता असलेला सरकारी कागद. लीज चालत नाही कारण ते घरमालकाने दिलेलं असतं. मुलाचं लायसन न्यू जर्सीचं, मग त्याने काउंटीच्या टॅक्स ऑफिसात जाऊन स्वतःच्या गाडीचं रजिस्ट्रेशन टेक्सासच्या पत्त्यावर करून घेतलं आणि तो कागद चालला. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा, तो फुकट आहे. एफबीआयची तपासणी होते, तिचेही एफबीआय पैसे घेत नाही. २१ च्या आतल्यांची २०२२ पासून जास्तीची चौकशी होते, तिला १० कामाचे दिवस लागू शकतात, एवढंच. हो, आणि शॉटगन हॉस्टेलच्या खोलीत ठेवायची नाही. टेक्सासमध्ये २०१६ पासून सरकारी युनिव्हर्सिटीत परवानाधारकाला लपवलेलं पिस्तूल बाळगता येतं, त्यावरून मुलांना वाटतं काहीही चालतं, तसं अजिबात नाहीये. आमच्या मुलाची क्लबच्या कुलपात असते.

इथपर्यंत असतं तर मी लिहिलंही नसतं.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगत होते. भाचा म्हणजे माझ्या भावाचा मुलगा, तो पण टेक्सासमध्येच एमएस करतोय, एफ-वनवर. तो गप्पच झाला आणि मग म्हणाला, "आत्या, मी पण तिथेच फॉर्म भरलाय."

माझ्या मुलाकडूनच त्याला ती वेबसाईट कळली होती. त्याच्या अपार्टमेंटमध्ये दोनदा चोऱ्या झाल्या, रात्री लायब्ररीतून यायला भीती वाटायची, म्हणून त्याला पिस्तूल हवं होतं. त्या फॉर्मवर व्हिसाचा रकाना होता बरं का, आणि व्हिसा आहे म्हटल्यावर त्याला अडवायच्या ऐवजी ९५ डॉलर जास्त लावून 'शिकारीचं सर्टिफिकेट' जोडलं. मग एका माणसाचा फोन आला, दुकानात जाऊ नको, तिथे उगाच प्रश्न विचारतात, आमचा ओळखीचा एकजण आहे, पार्किंगमध्ये भेटेल, पेपर तर तुझे तयारच आहेत. त्याने ३०० डॉलर ॲडव्हान्स झेलने पाठवले होते आणि येत्या शनिवारी जायचं ठरलं होतं. आमचा फोन गुरुवारी झाला.

मी त्याच रात्री एका इमिग्रेशन वकिलांशी बोलले. एफ-वन असो की नोकरीचा एच-वन, अशा व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या नुसत्या जवळ बाळगणं हा केंद्राचा गुन्हा आहे, १५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, २०२२ च्या आधी ती १० होती. शिवाय शिक्षा भोगून झाली की देशाबाहेर. कायद्यात एक अपवाद आहे, राज्याने दिलेलं खरं आणि चालू शिकारीचं लायसन असेल तर. टेक्सासमध्ये ते पार्क्स अँड वाइल्डलाइफ खातं देतं. ह्या लोकांनी त्याच अपवादाचं नाव घेऊन खोटा कागद विकला, म्हणजे पोराला वाटणार आपण कायद्यात बसतो आणि हातात गुन्हा. आणि खरं लायसन असलं तरी वकिलाला आणि कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचारल्याशिवाय काहीही घेऊ नका.

"जवळ बाळगणं" म्हणजे विकत घेणंच असं नाही. नेमबाजीच्या रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेतली तरी ते त्यात येतं. २०१९ ला सुप्रीम कोर्टात गेलेली रेहाइफची केस अशीच, फ्लोरिडात स्टुडंट व्हिसावर आलेला मुलगा, कॉलेजने काढून टाकल्यावर व्हिसा गेला, तो रेंजवर जाऊन नेमबाजी करून आला आणि त्यावरून खटला झाला. आपल्या व्हिसाची स्थिती त्याला माहीत होती हे सरकारने सिद्ध करायला हवं असं कोर्टाने म्हटलं, पण तिथपर्यंत पोचायला त्याला काय सोसावं लागलं असेल. आपली किती मुलं वीकएंडला रेंजवर जाऊन फोटो टाकतात. माझा भाचा पण मुलाबरोबर दोनदा गेला होता, आम्हाला कोणालाच हे माहीत नव्हतं.

शनिवारी तो गेला नाही. त्या माणसाने दोन-तीन मेसेज केले आणि मग नंबर बंद. तिथे खरंच कोणी येणार होतं की नुसतेच पैसे खायचे होते, कळायला मार्ग नाही.

आम्ही काय केलं ते सांगते. क्रेडिट कार्ड कंपनीकडे तक्रार केली, सहा आठवड्यांनी १८९ परत आले. झेलचे १४५ आणि भाच्याचे ३०० गेले ते गेलेच, बँक म्हणाली तुम्ही स्वतः पाठवलेत. एफबीआयच्या ऑनलाइन गुन्ह्यांसाठीच्या आयसी-थ्री पोर्टलवर आणि ग्राहकांच्या फसवणुकीच्या तक्रारी घेणाऱ्या एफटीसी या केंद्राच्या खात्याकडे दोघांची वेगवेगळी तक्रार केली, स्क्रीनशॉट, ईमेल, नंबर सगळं जोडलं, म्हणून म्हणते काही डिलीट करू नका. मुलाचा सोशल सिक्युरिटी नंबर त्यांच्याकडे गेला होता म्हणून इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट कंपन्यांकडे क्रेडिट फ्रीझ केलं, म्हणजे त्याच्या नावावर दुसऱ्या कोणाला कर्ज काढता येऊ नये, २०१८ पासून ते फुकट आहे, तुम्ही असा फॉर्म भरला असेल तर हे आजच्या आज करा, बाकी सगळं नंतर.

भाच्याच्या पासपोर्टची, व्हिसाची आणि आय-ट्वेंटीची (व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) कॉपी मात्र अजून त्या लोकांकडेच आहे. वकिलांनी सगळं तारखेनिशी लिहून ठेवायला सांगितलंय. परवा त्याचा फोन आला होता, अभ्यासाचं बोलला, जेवणाचं बोलला, आणि ठेवताना परत तेच, "आत्या, काही होणार नाही ना?"