बीएनएचएसची मेंबरशिप: पैसे वसूल, पण पहाटे उठणार असाल तरच

ओळखीतले बरेच जण विचारतात की बीएनएचएसचं मेंबर होऊन नक्की मिळतं काय, म्हणून एकदाच लिहून टाकतो. बीएनएचएस म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, पक्षी-प्राणी-निसर्गाचा अभ्यास करणारी संस्था, ऑफिस मुंबईत फोर्टात लायन गेटसमोरचं हॉर्नबिल हाऊस. मी डोंबिवलीचा, बँकेत नोकरी, प्राण्यांशी संबंध म्हणजे गॅलरीतली कबुतरं हाकलणं एवढाच होता, पण भाची एमएस्सी झूलॉजी करतेय आणि तिला या लाइनमध्येच पडायचंय, तिच्या नादाने मीपण फॉर्म भरला.

आधी एक खरं सांगतो, याआधी दुसऱ्या एका निसर्गप्रेमी ग्रुपचे पैसे भरले होते (नाव नको, भांडणं नकोत), तिथे वर्षभरात मिळालं काय तर एक सर्टिफिकेट आणि व्हॉट्सअॅपवर रोज वाघाच्या फोटोवर गुड मॉर्निंग. त्यामुळे इथेही तसंच असणार असं धरूनच चाललो होतो.

तसं नाहीये. ही संस्था १८८३ ची आहे, भायखळ्याच्या म्युझियममध्ये, म्हणजे आताचं भाऊ दाजी लाड, आठ जण जमले आणि सुरू केली, त्यात दोन आपले, डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. मग फिपसन नावाच्या दारूविक्रेत्याने आपल्या दुकानात जागा दिली, म्हणजे बघा, देशातल्या एवढ्या जुन्या निसर्ग संस्थेचं बिऱ्हाड वाईन शॉपमध्ये! कारवारकडून आणलेला विल्यम नावाचा राजधनेश (म्हणजे मोठा हॉर्नबिल पक्षी) १८९४ पासून १९२० पर्यंत तिथे राहिला, पेटती सिगार गिळून पचवली म्हणतात त्याने, आणि शेवटी तारेचा तुकडा गिळून गेला. लोगोवर जो पक्षी आहे तो या विल्यमवरूनच. पक्षितज्ज्ञ सलीम अलीसुद्धा लहानपणी स्वतः मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखायला याच दारात आले होते, १९०८ साली. हे सगळं भाचीने मला लोकलमध्ये कुर्ल्यापासून सीएसएमटीपर्यंत ऐकवलं.

आता कामाचं. मेंबरला काय मिळतं तर बातम्या आणि संधी, असं मी म्हणेन. कुठे ट्रेल आहे, कुठे कॅम्प आहे, कुठला कोर्स सुरू होतोय हे कळत राहतं, हॉर्नबिल नावाचं त्रैमासिक आहे, लायब्ररी आहे. गोरेगावला फिल्मसिटीत त्यांचं सेंटर आहे, नॅशनल पार्कला लागूनच, फुलपाखरं बघायला तिथे एकदा लहान मुलांना घेऊन जाच.

पण मला खरी मजा आली ती जानेवारीतल्या पाणपक्षी गणनेत. ही आशियाई गणना १९८७ पासून चालू आहे आणि भारतात बीएनएचएसचा त्यात मोठा हात आहे. आम्ही भांडुप पंपिंग स्टेशनला गेलो, पहाटे साडेपाचची लोकल, थंडी, चिखलाचा वास, आणि समोर शेकाट्या, तुतवार, चिखल्या असे सगळे एकसारखे दिसणारे पक्षी. मी पहिल्या अर्ध्या तासात एकच थवा दोनदा मोजला. भाची म्हणाली, ‘मामा, तू फक्त वहीत लिही.’ लिहिलं. तेव्हा कळलं की पक्षी ओळखता येत नसले तरी एका माणसाचं काम असतंच.

कडी घातलेल्या पक्ष्याचंही तसंच. १९२७ पासून हे लोक पक्ष्यांच्या पायात नंबराची कडी घालतायत, पक्षी कुठे सापडला तर कडीवरचा नंबर कळवायचा, बास. सैबेरियाकडून आलेल्या पक्ष्याचा प्रवास असा एखाद्या कोळ्याच्या किंवा शेतकऱ्याच्या कळवण्यावर उभा राहतो, मला हे फार भारी वाटलं.

नोकरीचं विचारणाऱ्यांसाठी: मेंबर झालात म्हणून नोकरी मिळत नाही, तो गैरसमज काढून टाका. या क्षेत्रात बहुतेक जागा प्रोजेक्टच्या असतात, प्रोजेक्ट संपला की पुन्हा शोधाशोध, मानधन बघून बँकवाल्याला घाम फुटतो. पण मुलाखतीला जाताना ‘मी गणनेला होते, पक्ष्यांचा कोर्स केलाय’ हे सांगता येतं, आणि चार फील्डवरची माणसं ओळखीची झालेली असतात. भाचीला पुढच्या जागांची माहिती सगळी अशी चहाच्या टपरीवरच मिळाली.

फी किती ते वेबसाइटवर बघा, बदलत असते. हॉर्नबिलचा अंक घरी यावा एवढ्यासाठीच मेंबरशिप घ्यायची असेल तर राहू द्या. शिवाय गडचिरोली किंवा कोल्हापूरच्या माणसाला फोर्टातल्या लायब्ररीचा काय उपयोग, त्याने आधी आपल्या भागात काय चालतं ते बघावं.

माझ्याकडून साडेचार स्टार. अर्धा कापला तो पहाटेच्या लोकलसाठी. भाची आता साप-बेडकांच्या कोर्सला बसायचं म्हणतेय, आणि हे खूळ माझ्यामुळे असं समजून ताई गेले आठ दिवस माझा फोन उचलत नाहीये.