आधी इडिपस की आधी अँटिगनी?

ग्रीक शोकांतिका वाचायची आहे, पण सवड एकाच नाटकापुरती आहे, तर सोफोक्लीजची ‘इडिपस’ आणि ‘अँटिगनी’ ही दोन समोर ठेवा. दोन्ही थीब्ज या ग्रीक नगराच्या एकाच राजघराण्यातली. अँटिगनी इडिपसची मुलगी, पण तिचं नाटक आधीचं, साधारण इ.स.पू. 441 चं, बापाचं त्यानंतर दहाएक वर्षांनी आलं. त्यामुळे कुठूनही सुरुवात केली तरी अडत नाही.

गर्वाचं घर खाली म्हटलं की लोक इडिपसकडे बोट दाखवतात. मला ते अर्धंच पटतं. माणूस तापट खरा, टायरेसिअस या आंधळ्या भविष्यवेत्त्याला नाही नाही ते बोलतो. पण नकळत केलेला बापाचा खून, आईशी लग्न हे सगळं नाटक सुरू व्हायच्या आधीच होऊन गेलंय. आपल्यासमोर चालते ती फक्त आधीचा राजा लायस, म्हणजे त्याचाच बाप, याच्या खुनाची चौकशी, आणि चौकशी करणाराच आरोपी. योकास्ता, त्याची बायको आणि आईही, त्याला धीर द्यायला जाते: भविष्यवाण्यांचं काय घेऊन बसलात, लायसला तर तीन रस्ते मिळतात तिथे लुटारूंनी मारलं! ती पुढे बोलत राहते. तो ‘तीन रस्त्यां’पाशीच थबकतो, कारण तिथेच त्याने एकाला मारलेलं असतं. पुढे तिला सगळं उमगतं, ‘आता नका विचारू’ म्हणून ती हातापाया पडते. तरी तो विचारतोच. गर्वापेक्षा ही खोड त्याला भोवते, आणि तीच मला त्याच्यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

गर्वच बघायचा असेल तर ‘अँटिगनी’ घ्या, आणि नजर थीब्जचा नवा राजा क्रिऑन याच्यावर ठेवा. भाच्याच्या, म्हणजे अँटिगनीच्या भावाच्या, प्रेताला माती द्यायची नाही, हा त्याचा हुकूम. अँटिगनी मूठभर माती टाकते आणि कबूलही करते. पोटचा मुलगा समजावतो, तरी हा ऐकत नाही. शेवटी घाबरून नमतो, तेव्हा कोरस, म्हणजे नाटकातला वृद्धांचा समूह, सांगतो: आधी पोरीला सोडव, मग प्रेताचं बघ. तो नेमकं उलटं करतो. तिला कोंडलेल्या गुहेपाशी पोचतो तोवर तिने गळफास घेतलेला असतो.

हौशी ग्रुपला बसवायला ‘अँटिगनी’ बरं. वाद रोखठोक आहेत, शिवाय बातमी सांगायला घाबरणारा पहारेकरी हशा मिळवून देतो. एकट्याने वाचायला मात्र मी इडिपसच देईन. पु. ल. देशपांड्यांचं मराठी रूपांतर ‘राजा ओयदिपौस’ मिळालं तर तेच घ्या, आणि एका बैठकीत संपवा.