आठ महिने, तीन खेळणी आणि आमची खारी

खारी म्हणजे आमची गावठी कुत्री. वय ५, वजन १४ किलो, रंग खारी बिस्किटाचा, म्हणून नाव खारी. मुलुंड पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके, त्यात माणसं चार आणि ही. वाटी समोर ठेवली की ४० सेकंदांत चकाचक, आणि मग दिवसभर रिकामटेकडी. माझ्या दोन चपला आणि एका चार्जरचा फडशा पडल्यावर मार्चमध्ये मी तीन वस्तू मागवल्या: खाऊ भरायचं पोकळ रबरी खेळणं ८५० रुपयांना, चाटायचं सिलिकॉनचं मॅट ३०० ला आणि कापडी पट्ट्यांमध्ये खाऊ लपवायचं हुंगायचं मॅट ७०० ला. आता नोव्हेंबर उजाडलाय, तर लिहितेच.

आधी माझा गाढवपणा. पहिले दोन महिने ही खेळणी मी 'वरचा खाऊ' म्हणून देत होते. जेवण नेहमीइतकंच, शिवाय रबरी खेळण्यात चमचाभर पीनट बटर. मे महिन्यात काटा १५.३ वर. डॉक्टरांनी हिशोब मांडला: खारीला दिवसाला साधारण ७०० कॅलरी पुरतात आणि खाऊ त्याच्या १० टक्क्यांच्या आत हवा, म्हणजे ७०. पोह्याच्या मोठ्या चमच्यात मावणारं पीनट बटरच ९०-९५ कॅलरींचं असतं! तेव्हापासून वेगळा खाऊ बंद. रात्रीचं जेवणच खेळण्यात जातं. ऑगस्टपर्यंत बाईसाहेब पुन्हा १४ वर.

रबरी खेळण्यात मी काय भरते? वाफवून कुस्करलेला लाल भोपळा, भात, उकडलेल्या चिकनचे धागे आणि बांधणीला घट्ट दही. मीठ नाही, फोडणी नाही. दाबून भरायचं, तोंडाशी गाजराचा तुकडा बुचासारखा बसवायचा आणि चार-पाच तास फ्रीजरमध्ये. न गोठवता दिलं तर ६ मिनिटांत खलास, गोठवलेलं ३५ मिनिटं चालतं. पण पहिल्याच दिवशी गोठवलेलं देऊ नका. मी दिलं. तिने दोन-तीनदा चाटलं, पंजाने ढकललं, मग ते तोंडात धरून आणलं, माझ्या पावलावर ठेवलं आणि 'उघडून दे' अशा चेहऱ्याने बसून राहिली. मग आठवडाभर नुसते कुत्र्यांच्या कोरड्या खाण्याचे सुटे दाणे, खेळणं कलंडलं की आपोआप बाहेर पडतील असे. नंतर ओलं, मग गोठवलेलं. आणि विकत घेताना दुसऱ्या टोकाला बारीक भोक आहे ना, ते बघा. एकच तोंड असेल तर चाटताना आतली हवा ओढली जाऊन जीभ अडकू शकते.

चाटायच्या मॅटला खाली चूषक असतात, 'फरशीला घट्ट चिकटतं' म्हणे. आमच्या जुन्या मोझॅकच्या लाद्यांना ते दोन मिनिटंही चिकटलं नाही. खारी मॅट चाटत चाटत हॉलमधून स्वयंपाकघरात पोचायची. शेवटी परातीत ठेवून देते. दही-भोपळा थापून गोठवलं तर १२-१५ मिनिटं. धुवायला मात्र वैताग, खाचांमध्ये दही राहिलं की दुसऱ्या दिवशी वास. जुना दातांचा ब्रश त्याच्यासाठीच ठेवलाय.

गणपतीत खाली ढोल-ताशा सुरू झाला की हे मॅट द्यायचे. कान मागे, पण जीभ चालू. त्यामुळे दिवाळीला मी निर्धास्त होते. पहिला सुतळी बॉम्ब फुटला आणि ती भरलेलं मॅट तसंच टाकून बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसली. दही वितळून परातीत पाणी झालं. खूप घाबरलेलं कुत्रं खातच नाही, हे मला तेव्हा कळलं.

हुंगायचं मॅट सर्वांत आवडीचं होतं, तिच्याही आणि माझ्याही. मूठभर दाणे लपवले की २० मिनिटं फक्त नाकाचे फुसफुस आवाज, आणि नंतर ती जी पसरायची! खाली तासभर फिरवून आणल्यावरही इतकी दमत नाही. पण ते धुतल्यावर जूनमध्ये वाळायला तीन दिवस, जुलैमध्ये वाळलंच नाही. कुबट वास, त्यात लाल मुंग्या. मुंबईच्या पावसाळ्यात ही वस्तू निकामी आहे. नेमकी तेव्हाच गरज जास्त, कारण लेप्टोच्या (घाणेरड्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) भीतीने साचलेल्या पाण्यातून कुत्र्याला नेता येत नाही. मग अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घेतला, खळग्यांत दाणे आणि काकडीचे तुकडे, वरून जुना पंचा गुंडाळून. फुकट, आणि ओला झाला की फेकून द्यायचा. फक्त पुठ्ठा गिळत नाही ना, ते समोर बसून बघावं लागतं.

आमच्या सासूबाईंना हे सगळं थेर वाटायचं. "अगं, मुक्या जनावराला जेवायला घालतेस का त्याची परीक्षा घेतेस?" जुलैनंतर त्या स्वतःच दुपारी ट्रे भरायला लागल्या, आणि श्रावणात सत्यनारायणाच्या दिवशी प्रेमाने रबरी खेळण्यात प्रसादाचा शिरा भरला. बेदाण्यांसकट. नशीब मी वेळेत पाहिलं. द्राक्षं, मनुका, बेदाणे कुत्र्यांच्या मूत्रपिंडावर जातात आणि किती खाल्ले म्हणजे धोका, याचा नेम नाही. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं असा कयास आहे. तेच चिंचेतही असतं, म्हणून चिंच-गुळाच्या आमटीतला भातही आता बंद. कांदा-लसूण, चॉकलेट तर नाहीच. शुगर-फ्री पीनट बटरच्या बरणीवर झायलिटॉल (साखरेऐवजी गोडीसाठी घालतात ते) लिहिलंय का ते वाचा, कुत्र्यांना ते विष आहे. मे महिन्यात आंब्याची कोय तिच्या हाती लागू द्यायची नाही, ती आतड्यात अडकते. सासूबाईंनी ही यादी फ्रीजवर स्वतःच्या अक्षरात लावलीय, वर 'खारीचं पथ्य' असं लिहून.

जनावरांना कष्टाचं खाणं जास्त गोड लागतं, असं म्हणतात. १९६३ मध्ये ग्लेन जेन्सन या मानसशास्त्रज्ञाने उंदरांवर तसा प्रयोगही केला होता: शेजारी फुकटचं खाणं असतानाही ते दांडी दाबून मिळवायचे. मी खारीसमोर भरलेली वाटी आणि भरलेला ट्रे शेजारी-शेजारी ठेवून पाहिला. आधी वाटी, सरळ हिशोब. वाटी संपवून मात्र लगेच ट्रेकडे.

पुन्हा घ्यायचं झालं तर रबरी खेळणं डोळे झाकून घेईन, आठ महिन्यांत त्यावर दाताच्या चार खुणा आहेत फक्त. चाटायचं मॅट ठीक, परात असेल तर. हुंगायचं मॅट ऑक्टोबरच्या उन्हात कडक वाळवून परत काढलंय, जूनपर्यंत चालेल. अंड्यांचे ट्रे कोपऱ्यावरचे वाणी आता मागायच्या आधीच बाजूला काढून ठेवतात.