आईच्या हातांसाठी घेतलेलं वॅक्सचं मशीन: साडेसात महिन्यांनंतर

आधीच सांगतो, वितळलेल्या मेणात हात बुडवून शेक घ्यायच्या या मशीनने आईचा संधिवात कमी झालेला नाही. सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा, होता तिथेच आहे, वाकलेली बोटं वाकलेलीच आहेत. तरी परवा बहिणीने ठाण्याहून फोनवर विचारलं, "पुन्हा घेशील का?" तर मी लगेच हो म्हणालो.

आईला २०१८ पासून ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे. म्हातारपणी गुडघे झिजतात तो वात वेगळा. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर उठते, सांधे सुजतात आणि सकाळी हात लाकडासारखे होतात. आधी मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या झाल्या, मग जोडीला एचसीक्यू (हायड्रॉक्सिक्लोरोक्विन) आणि सल्फासॅलाझिन, मग लेफ्लुनोमाइड. त्यानंतर टीबीच्या तपासण्या करून बायोलॉजिकची, म्हणजे प्रतिकारशक्तीतला ठरावीक दुवा अडवणारी, इंजेक्शनं. पहिलं पाच महिने बरं चाललं आणि मग त्याचा असर गेला, दुसरं धड लागूच पडलं नाही. सध्या त्याच पंगतीतल्या टोफासिटिनिबच्या गोळ्या चालू आहेत, थोडा उतार आहे. स्टिरॉइड दिलं की चार दिवसांत भाकरी थापायला बसते, पण साखर अशी चढते की डॉक्टरच ते बंद करतात.

अशा रुग्णांसाठी युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने वेगळी व्याख्याच केली आहे, २०२१ मध्ये ती छापून आली. नेहमीच्या गोळ्यांनंतर वेगवेगळ्या पद्धतीने काम करणारी किमान दोन बायोलॉजिक किंवा त्या पंगतीतली औषधं वापरूनही आजार हटत नसेल, तर तो 'उपचारांना अवघड'. डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा मला धडकी भरली, आणि आईला चक्क बरं वाटलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं की आपणच पथ्यात कुठेतरी चुकतोय. वांगं सोडलं, दही सोडलं, चिंच सोडली, तरी दुखतंच आहे म्हणजे आपलंच काहीतरी.

तर मशीन. फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये आईला वॅक्सचा शेक द्यायचे, हाताला आराम पडायचा. पण अपॉइंटमेंट अकराची. सिडकोतल्या घरून कॉलेज रोडच्या क्लिनिकला रिक्षाने जायचं, आणि तिचा खरा वाईट वेळ सकाळी सहा ते नऊ. अकरापर्यंत हात तसेही थोडे सुटलेले असायचे. म्हणून दिवाळीनंतर तीन लिटरचं घरगुती मशीन मागवलं, वॅक्ससकट साडेतीन हजारांच्या आत. बाबांनी खोकं उघडून बघितलं आणि म्हणाले, "मेणबत्त्यांचा कारखाना काढायचाय का?"

यात पॅराफिन वॅक्स असतं आणि त्यात थोडं लिक्विड पॅराफिन, म्हणजे मेण लवकर वितळतं आणि हातावर मऊ बसतं. पन्नास-बावन्न अंशांचं पाणी असतं तर हात लगेच मागे घ्यावा लागला असता. मेणाचा पहिला थर हातावर लगेच थिजतो, त्याच्यावरचे थर त्याला धरून बसतात आणि ऊब हळूहळू आत जाते. सगळी गंमत एवढ्यातच आहे.

पहिल्या आठवड्यात माझीच चूक झाली. मशीनवर आकडे नाहीत, नुसती फिरकी. लवकर वितळावं म्हणून मी ती पूर्ण फिरवली आणि मागे घ्यायला विसरलो. आईने हात बुडवला, ओठ घट्ट मिटले, काही बोलली नाही. दोन मिनिटांनी बघतो तर मनगट लालभडक. विचारलं तर म्हणते, "मला वाटलं, एवढं सहन करायचं असतं." वर्षानुवर्षं अधूनमधून स्टिरॉइड घेतल्याने तिची कातडी कागदासारखी पातळ झालेली आहे, फोड आला नाही हे नशीब. दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकाचा थर्मामीटर आणला. बावन्नच्या वर गेलं की थांबायचं. आता तर थर्मामीटरही लागत नाही. भांड्याच्या कडेला मेणाची साय धरायला लागली की बुडवायचं.

बाबा साडेचारला उठतात, दूध तापत ठेवायच्या आधी मशीनचं बटण दाबतात. साडेसहाला मेण तयार. आई हात धुऊन कोरडे करते. अंगठी, बांगड्या काढायच्या, असा नियम आहे. अंगठी निघते. पाटल्यांचा प्रश्न उरलेला नाही, कारण अंगठ्याच्या बुडाचे सांधे आणि मनगट सुजून त्या निघेनात तेव्हा चार वर्षांपूर्वी सराफाकडून कापून घ्याव्या लागल्या. त्या दिवशी ती घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नव्हती. बोटं जरा फाकवून हात बुडवायचा, बाहेर काढायचा, थर पांढुरका झाला की पुन्हा. असं सात-आठ वेळा. मग प्लॅस्टिकची पिशवी, वरून जुना टॉवेल, वीस मिनिटं गप्प बसायचं. शेवटी मेण हातमोज्यासारखं अख्खं सोलून निघतं आणि आतून तिची वाकडी करंगळी जशीच्या तशी उमटलेली असते.

नुसत्या मेणावर थांबलो असतो तर पैसे वाया गेले असते. शेक संपला की लगेच, हात गरम असतानाच, बोटांचे व्यायाम. मूठ वळायची, बोटं एकेक करून अंगठ्याकडे न्यायची, मनगट फिरवायचं, कणकेचा गोळा दाबायचा. वॅक्सवरच्या जुन्या अभ्यासांचा निष्कर्षही तोच आहे, व्यायामाची जोड असेल तर आराम मिळतो आणि तोही तात्पुरता. ब्रिटनमध्ये ४९० रुग्णांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हातांच्या ठरावीक व्यायामाने हाताचं काम सुधारलं होतं, चालू औषधं न बदलता. फिजिओ मॅडमनी हे सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "म्हणजे शेवटी मलाच करायचंय."

फरक किती? आधी सव्वानऊशिवाय कप एका हातात धरता यायचा नाही. आता आठच्या सुमाराला येतो. चांगल्या दिवशी स्वतःची वेणी स्वतः घालते. बरणीचं झाकण अजून नाही, गोळ्यांची स्ट्रिप तर अजिबात नाही. पाण्याचा तांब्या दोन्ही तळव्यांत धरून उचलते. मुसळधार पावसाच्या दिवसांत किंवा रात्र जागून गेली की यातलं काहीच होत नाही.

पण माझ्यासाठी सगळ्यात उपयोगी ठरली ती वीस मिनिटं. हात टॉवेलात गुंडाळलेले, त्यामुळे ती उठू शकत नाही, फोन घेऊ शकत नाही, मला भाजी निवडून देऊ शकत नाही. मग बोलते. मी सात वर्षं रोज विचारत होतो, "किती दुखतंय?" आणि ती रोज म्हणत होती, "ठीक आहे." डिसेंबरात एकदा सहज विचारलं, "आज वेणी होईल का?" तर म्हणाली, "नाही रे, खांदाच वर जात नाही." खांदा! खांदा दुखतो हे तोवर कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हापासून कालनिर्णयवर रोजच्या चौकटीत एवढंच लिहितो: वेणी, कप, हुक, जिना. झालं तर बरोबरची खूण, नाही तर फुली. पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी ते कॅलेंडरच मागून घेतलं आणि खांद्याची सोनोग्राफी करायला सांगितली. (त्याच कॅलेंडरवर मेथोट्रेक्सेटच्या दिवसाला लाल गोल असायचा. ज्यांच्या घरी ही गोळी चालू आहे त्यांनी नीट बघा, संधिवातात ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर जिवावर बेतू शकतं.)

त्याच वीस मिनिटांत मी बोलणीही खाल्ली आहेत. मी भाजी चिरलेली आणायला लागलो होतो, चहा मीच करायचो, साडीऐवजी गाऊनच बरा म्हणून चार आणून दिले होते. एक दिवस म्हणाली, "माझ्या हातातलं सगळं काढून घेतलंस, दुखणं तेवढं ठेवलंस." आता सकाळचा चहा ती करते. चिमट्याऐवजी दोन कानांचं पातेलं आणलंय, गॅसचा लायटर बदललाय. चहाला वेळ लागतो. बसून राहायचं.

तक्रारी आहेतच. झाकणाला दुसऱ्याच महिन्यात तडा गेला. चौथ्या महिन्यात थर्मोस्टॅट बंद पडला, कंपनीचा फोन तीन आठवडे नुसता वाजत राहिला, शेवटी गल्लीतल्या वायरमनने बदलून दिला. मेणाचे थेंब फरशीवर पडतात आणि फरशी तेलकट होते, खाली वर्तमानपत्र घातल्याशिवाय मशीन लावू नका.

आणि हे सगळ्यांसाठी नाही. मधुमेहाने बोटं बधिर झाली असतील, कातडीवर जखम किंवा इसब असेल, तर नको. सांधा लाल आणि हाताला गरम लागत असेल तेव्हाही नको. फेब्रुवारीत आईचं उजवं मनगट असंच फुगलं होतं आणि मी आग्रहाने शेक दिला. रात्री दुपटीने ठणकलं. फिजिओ मॅडम चांगल्याच ओरडल्या, अशा वेळी फडक्यात गुंडाळून बर्फ. आता बाबा बटण दाबायच्या आधी तिच्या मनगटावर हात ठेवून बघतात.

नातेवाइकांचे सल्ले येतच राहतात. निरगुडीच्या पाल्याला माझी हरकत नाही, छान वास येतो. पण एका मावशींनी पाठवलेल्या बिनालेबलच्या पुड्या मी सरळ कचऱ्यात टाकल्या. दोन दिवसांत वात पळवणाऱ्या अशा पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइडच मिसळलेलं असतं.

एका मशीनमध्ये एकाच माणसाने हात घालायचा, हेही घेतानाच घरात ठरवून टाका. गेल्या आठवड्यात बाबांनी गुपचूप स्वतःची भेगाळलेली टाच बुडवून बघितली. आईने सगळं मेण फेकायला लावलं. नवीन दोन किलो मागवलंय, सोमवारी येईल.