फोंड्यातल्या छापखान्यात सांबा: सात महिन्यांनंतर

आमच्या छापखान्यात डिझाइन मॅकवर चालतं, हिशेब विंडोजवर आणि प्लेटच्या खोलीत लिनक्स मिंट. जूनपर्यंत फायली पेनड्राइव्हवरून फिरायच्या. मग अडगळीतल्या एका संगणकावर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) घालून सांबा बसवलं, म्हणजे मॅक, विंडोज, लिनक्स सगळ्यांना नेटवर्कवरून एकाच ठिकाणच्या फायली वापरू देणारं सॉफ्टवेअर. फुकट आहे, १९९२पासून चालत आलंय. बसवायला एक दुपार लागली, परवानग्या (कुणी कुठली फाइल उघडायची, बदलायची) मार्गी लागायला चवथ उजाडली.

सुरुवातीला मी आळस केला. सगळ्या फोल्डरना ७७७ ही परवानगी, म्हणजे सगळ्यांना दार सताड उघडं. एका संध्याकाळी नाटकाच्या हँडबिलांचा अख्खा फोल्डर कुणाच्या तरी माउसला चिकटून हिशेबात जाऊन बसला. अर्धा दिवस शोधाशोध, आणि गिऱ्हाईक काउंटरवर उभं.

मग माणसांऐवजी कामांचे ग्रुप केले: डिझाइन, छपाई, हिशेब. इथे कळलं की कुलुपं दोन आहेत. एक सांबाच्या शेअरवर (नेटवर्कवर दिसणाऱ्या सामायिक फोल्डरवर), दुसरं खाली लिनक्सच्या फायलीवर. दोन्ही उघडली तरच काम होतं. सांबाचा क्रिएट मास्क, म्हणजे नव्या फायलीला कोणती परवानगी मिळू शकते ते ठरवणारा आकडा, मुळात ०७४४ असतो (बनवणारा बदलू शकतो, बाकीचे फक्त वाचू शकतात), म्हणून एकाने बनवलेली पत्रिका दुसऱ्याला दिसायची पण सेव्ह व्हायची नाही. तो ०६६० केला (बनवणारा आणि त्याचा ग्रुप दोघांनाही बदलता येतं), फोल्डरना २७७० दिलं. त्यातल्या २मुळे आत तयार होणारी फाइल फोल्डरचाच ग्रुप घेते.

तरीही प्रूफ पास झालेली काही कामं प्लेटच्या खोलीत उघडेनात. काही उघडायची, काही नाही! तीन दिवस डोकं खाल्लं. कारण साधं निघालं: कॉपी केली की नवी फाइल बनते आणि नव्या फोल्डरचा ग्रुप घेते, कट-पेस्ट केली की तीच फाइल जागा बदलते, जुना ग्रुप अंगावर ठेवून. (विंडोजच्या एनटीएफएस या फाइल सिस्टिमवरही एकाच ड्राइव्हमध्ये असंच होतं, त्यामुळे सांबाला शिव्या देण्यात अर्थ नव्हता.) डिझाइन आणि छपाई एकाच शेअरमधले दोन फोल्डर होते. त्यांचे दोन वेगळे शेअर केले, छपाईवर फोर्स ग्रुप लावला, म्हणजे तिथे बनणारी प्रत्येक फाइल छपाईच्याच ग्रुपची होते. आता कट-पेस्ट केलं तरी संगणकाला आधी कॉपी करून मग मूळ फाइल पुसावी लागते. त्यानंतर हा प्रकार झालेला नाही.

मॅकसाठी फ्रूट आणि स्ट्रीम्स-एक्सअॅटर ही दोन मॉड्यूलं घालाच, नाहीतर टिंबाने सुरू होणाऱ्या चिल्लर फायलींचा पाऊस पडतो. हिशेबाच्या शेअरवर व्हॅलिड यूजर्समध्ये (आत येऊ शकणाऱ्यांच्या यादीत) फक्त मालक आणि अकाउंटंट.

तक्रारी आहेत. सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डपेक्षा वेगळा राहतो; एक बदलला म्हणून दुसरा आपसूक बदलत नाही. विंडोज एकाच सर्व्हरला एका वेळी दोन नावांनी जोडून घेत नाही. मालक अकाउंटंटच्या मशीनवर बसले की जुनी जोडणी आधी तोडावी लागते, आणि ते दर वेळी मलाच हाक मारतात. ग्रुपमध्ये नवा माणूस घातला तरी तो पुन्हा लॉगिन करेपर्यंत काही फरक पडत नाही.

दहाएक संगणकांच्या जागेला मी हे बिनधास्त सुचवेन, पण सेटिंगची फाइल वाचायची तयारी असलेला एक तरी माणूस हवा. आणि वेगळा बॅकअप घ्याच. पावसात आमच्याकडे वीज किती वेळा जाते ते तुम्हाला ठाऊक आहे; यूपीएस मी ऑगस्टमध्ये घेतला, तो जूनमध्येच घ्यायला हवा होता.