अमिगा १२०० वर व्हीबीसीसी: कंपायलर चोख, कसोटी शेलच्या मांडणीची

१९९२ साली बाजारात आलेल्या अमिगा १२०० या घरगुती संगणकावर सी भाषेत प्रोग्रॅम लिहिण्यासाठी मी गेले काही महिने व्हीबीसीसी हा कंपायलर (लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राला कळणाऱ्या कोडमध्ये रूपांतर करणारे साधन) वापरत आहे, आणि त्याने तयार केलेल्या कोडबद्दल माझी काहीही तक्रार नाही. फोल्कर बार्थेलमान यांनी लिहिलेला हा कंपायलर हौशी वापरासाठी विनामूल्य मिळतो आणि पुढच्या टप्प्यांची साधने, म्हणजे यंत्रकोड तयार करणारा असेंबलर व त्याचे तुकडे जोडणारा लिंकर, त्याच्या जोडीनेच येतात. तरीही माझ्या पहिल्या दोन संध्याकाळी एक ओळही कंपाइल न होता गेल्या, कारण अडचण कंपायलरची नव्हती, तर त्याच्याभोवतीच्या शेलची, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीची होती.

अमिगाचा शेल फोल्डरना 'असाइन' या आज्ञेने टोपणनावे देतो आणि व्हीबीसीसी आपल्या हेडर फायली (फंक्शनांच्या घोषणा असलेल्या) व लायब्ररी (तयार फंक्शनांचे संग्रह) अशाच टोपणनावांखाली शोधतो. टोपणनाव दिलेले नसेल, तर अमुक नावाची डिस्क ड्राइव्हमध्ये घाला, अशी चौकट पडद्यावर येते. ती डिस्क जगात कुठेच नसल्यामुळे नवखा माणूस फ्लॉपी चाळत बसतो. मीही बसलो. पुढची चूक अधिक फसवी होती. ऑपरेटिंग सिस्टिमच्या हेडर फायली वेगळ्या घ्याव्या लागतात आणि त्यांचा फोल्डर त्याच टोपणनावाला जोडताना ओळीच्या शेवटी 'ॲड' हा शब्द लिहावा लागतो. तो मी विसरलो, त्यामुळे नव्या फोल्डरने जुन्याला बाजूला सारले आणि काल सापडणारी 'एसटीडीआयओ' हेडर फाइल आज बेपत्ता झाली. नुसते 'असाइन' टाइप करून यादी पाहिली असती, तर त्या नावापुढे एकच फोल्डर उरल्याचे पाच मिनिटांत कळले असते.

दुसरा त्रास स्टॅकचा, म्हणजे चालू फंक्शनांची तात्पुरती माहिती ठेवण्याच्या मेमरीचा. शेल प्रत्येक प्रोग्रॅमला मुळात ४०९६ बाइटचा स्टॅक देतो, जो कंपायलरसारख्या, एका फंक्शनातून दुसऱ्यात खोलवर जाणाऱ्या प्रोग्रॅमला अपुरा पडू शकतो. शिवाय या यंत्रात मेमरीला संरक्षण नसल्याने स्टॅक ओसंडला, तर तो शेजारची मेमरी गुपचूप खराब करतो. परिणाम कधी लाल अक्षरांतली 'सॉफ्टवेअर फेल्युअर'ची पाटी, तर कधी नुसता गोठलेला माउस, आणि यातून कारण स्टॅकचे आहे असे काहीच सूचित होत नाही. 'स्टॅक' आज्ञेने ही मर्यादा वाढवता येते, पण ती फक्त त्याच शेलपुरती लागू होते. म्हणून ही ओळ प्रत्येक शेल उघडताना चालणाऱ्या 'शेल-स्टार्टअप' फायलीत, तर असाइन आणि पाथच्या (आज्ञा कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ते सांगणाऱ्या) ओळी संगणक सुरू होताना चालणाऱ्या 'यूजर-स्टार्टअप' फायलीत लिहिणे उत्तम.

या फायली पीसीवर संपादित करणाऱ्यांनी ओळीच्या शेवटचे अदृश्य कॅरेज रिटर्न चिन्ह काढून टाकावे. अमिगा ओळ फक्त लाइन फीड या दुसऱ्या अदृश्य चिन्हाने संपवतो, त्यामुळे ते चिन्ह नावाचाच भाग ठरते आणि डोळ्यांसमोर असलेला फोल्डर सापडत नसल्याची तक्रार येते. तसेच, स्क्रिप्टला (आज्ञांच्या फायलीला) 'प्रोटेक्ट' आज्ञेने एस बिट, म्हणजे ती स्क्रिप्ट असल्याची खूण, दिला नसेल, तर नुसते नाव टाइप करून ती चालत नाही. एरवी ती चालवायला 'एक्झिक्यूट' आज्ञा आहेच.

गणिती फंक्शने वापरताना लायब्ररी स्वतःच निवडावी लागते. मूळ अमिगा १२०० मधील ६८ईसी०२० प्रोसेसरसोबत गणिती सहप्रोसेसर नाही, त्यामुळे ६८८८१ या सहप्रोसेसरसाठीची लायब्ररी जोडलेला प्रोग्रॅम बिनतक्रार कंपाइल होतो आणि चालवताच यंत्र कोसळते; इथे सहप्रोसेसरशिवाय चालणारी आयईईई लायब्ररीच घ्यावी.

वेगाबद्दल फार अपेक्षा ठेवू नये. मूळ २ मेगाबाइट मेमरी चित्रांसाठीच्या चिपसोबत वाटून घ्यावी लागते, म्हणून फास्ट रॅमचे (फक्त प्रोसेसरसाठीच्या जादा मेमरीचे) कार्ड बसवल्यावरच ऑप्टिमायझेशनची, म्हणजे कोड अधिक कार्यक्षम करण्याची, वरची पातळी वापरणे सुसह्य होते, आणि ज्यांच्याकडे ते कार्ड नाही त्यांनी सोर्स लहान लहान फायलींत विभागून बदललेलीच फाइल पुन्हा कंपाइल करावी.