डग्लस की चितगाव: बारावीनंतर मुलींच्या निवासी शिक्षणाचे दोन पर्याय

माझी भाची साताऱ्यात शास्त्र शाखेत यंदा बारावीला आहे. मुलींनी एकत्र राहून जगाच्या पातळीवरचे नेतृत्व शिकावे, या हेतूने चालणारे दोन पर्याय तिच्यासमोर आहेत: अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठाचे डग्लस निवासी महाविद्यालय आणि बांगलादेशातील चितगावची एशियन युनिव्हर्सिटी फॉर विमेन. तिच्या आईवडिलांसाठी केलेली ही तुलना अशाच विचारात असलेल्या इतर घरांनाही उपयोगी पडेल म्हणून मांडते.

डग्लसची सुरुवात १९१८ साली न्यू जर्सीचे महिला महाविद्यालय म्हणून झाली. पहिल्या डीन मेबल स्मिथ डग्लस यांचे नाव त्याला १९५५ मध्ये मिळाले. २००७ पासून ते स्वतंत्रपणे पदवी देत नाही. मुलगी अभियांत्रिकी, विज्ञान वा कला यांपैकी एका शाखेत रटगर्सची विद्यार्थिनी असते आणि त्याच्या जोडीने डग्लसची सभासद होते. म्हणजे वर्गात मुलगे-मुली एकत्र, पण राहणे आणि नेतृत्वाचे शिक्षण मुलींच्या समूहात. तिथल्या ग्लोबल व्हिलेजमध्ये भाषा, संस्कृती किंवा एखादा विषय धरून मुलींचे गट एका छताखाली राहतात आणि त्या राहण्याला अभ्यासाची जोड असते. स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्ध जगभर २५ नोव्हेंबर ते १० डिसेंबर या काळात चालणारी सोळा दिवसांची मोहीम १९९१ मध्ये सुरू झाली, ती याच विद्यापीठातील विमेन्स ग्लोबल लीडरशिप केंद्राच्या पुढाकाराने.

चितगावचे विद्यापीठ २००८ साली सुरू झाले. ते सबंधच मुलींचे आणि निवासी आहे. अफगाणिस्तान, नेपाळ, भूतान, श्रीलंका येथील मुली तिथे शिकतात, तशाच कपड्यांच्या कारखान्यात शिलाईकाम केलेल्या आणि रोहिंग्या छावण्यांतून आलेल्या मुलीही शिकतात. ज्यांचे इंग्रजी कच्चे आहे त्यांच्यासाठी पदवीआधी पूर्वतयारीची सोय आहे आणि बहुसंख्य मुली शिष्यवृत्तीवर असतात. विषय मात्र मोजके आहेत.

पैशाचा विचार केला तर दोन्हींत फार अंतर पडते. अमेरिकेतील सरकारी विद्यापीठ परराज्यातील व परदेशी विद्यार्थ्यांकडून जास्त शुल्क घेते, आणि विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येते. ‘कमवा आणि शिका’ ऐकत वाढलेल्या साताऱ्याच्या माणसाला ही कमाई मोठी वाटते, पण तिच्यावर वर्षाचे शुल्क निघत नाही. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही पदव्युत्तर आणि पीएच.डी.साठी आहे, बारावीनंतर तिच्या भरवशावर राहू नये. दुसरीकडे, २०२४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये बांगलादेशात उलथापालथ झाली, तेव्हा हजारो भारतीय विद्यार्थ्यांना घाईने परतावे लागले होते. आईवडिलांची ही काळजी रास्त आहे आणि शिष्यवृत्तीच्या आनंदात ती बाजूला सारू नये.

आता राहण्याविषयी, कारण माझ्या मते निर्णय इथेच व्हायला हवा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग काढले, तेव्हा वेगवेगळ्या जातीधर्मांची मुले एकत्र राबत आणि एका पंगतीत जेवत. त्यांचे निम्मे शिक्षण त्या पंगतीतच होत होते. मी स्वतः कोल्हापुरात ज्या लेडीज हॉस्टेलवर राहिले, तिथे चाळीस मुलींना गरम पाण्याचा एकच बंब होता आणि पहाटे साडेपाचला बादल्यांवरून भांडणे होत. जतची एक मुलगी होती, घरून फक्त भाकरी आणि शेंगाचटणी आणणारी, वर्गात तोंड न उघडणारी. तिने एका रात्री वहीचा कागद आखला, ज्यांचा पेपर असेल त्यांचा नंबर आधी लावला आणि तो कागद बंबाशेजारच्या खिळ्याला अडकवला. रेक्टरबाईंनी दुसऱ्या दिवशी तो काढून टाकला, कारण परवानगी घेतली नव्हती. त्या मुलीने पुन्हा कशात पुढाकार घेतलेला मी पाहिला नाही.

वसतिगृहात मुलींना असा पुढाकार घेऊ देतात का, हे दोन्हीकडे विचारूनच कळेल. तोवर विषय आणि खर्च पाहून माझे मत असे आहे. विषय अभियांत्रिकीसारखा पक्का ठरलेला असेल आणि खर्चाची चारही वर्षांची तजवीज असेल, तर डग्लस निवडावे. मोठ्या विद्यापीठाची साधने आणि लहान समूहाचा आधार तिथे एकत्र मिळतो. तजवीज नसेल आणि मुलीचा ओढा सार्वजनिक आरोग्य किंवा पर्यावरण यांकडे असेल, तर चितगावचा अर्ज आधी भरावा. भाचीला यांतले दुसरे लागू पडते, असे मला वाटते. कर्ज काढून डग्लसला जाण्याच्या मी विरुद्ध आहे आणि तसे तिच्या वडिलांना स्पष्ट सांगितले आहे.

दोन्ही ठिकाणी ई-मेलने एक प्रश्न विचारायला मी तिला सांगितले आहे: वसतिगृहातले कोणते निर्णय मुली स्वतः घेतात, आणि मागच्या वर्षी त्यांनी कोणता घेतला?